हॉलिवूड शफल : ‘त्यांच्यासारखं’ बोलायला शिकवणारी शाळा

‘हॉलिवूड शफल’ हा १९८७ सालचा अमेरिकन विनोदी सिनेमा आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. दिग्दर्शक, निर्माता आणि नायक एकच, रॉबर्ट टाउनसेंड. लेखनात त्याच्यासोबत कीनन आयव्हरी वेयन्स. एकूण खर्च सुमारे १ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. साठवलेले पैसे संपले तेव्हा टाउनसेंडने क्रेडिट कार्डांवर उधारी केली, दुसऱ्यांच्या चित्रीकरणातून उरलेली कोरी फिल्म वापरली. पुढे सिनेमाने अमेरिकेत ५० लाख डॉलरच्या वर धंदा केला, ते वेगळं.

गोष्ट साधी आहे. बॉबी टेलर हा कृष्णवर्णीय तरुण आई, आजी आणि धाकट्या भावाबरोबर राहतो, हॉट डॉगच्या दुकानात राबतो आणि तिथून पळून पळून ऑडिशन देतो. भूमिका मिळते ती एका टोळीवाल्या गुंडाची. लेखक गोरा, दिग्दर्शक गोरा, आणि तेच बॉबीला सांगतात की तू अजून नीट ‘काळा’ वाटत नाहीस.

मधूनमधून बॉबी दिवास्वप्नं पाहतो. त्यातलं एक म्हणजे कृष्णवर्णीय नटांसाठी अभिनयाची शाळा. पडद्यावर आधी पळून जाणारे गुलाम दिसतात, मग त्यातला एक नट थांबतो आणि शुद्ध, घडीव इंग्रजीत शाळेची जाहिरात करू लागतो. या शाळेतले शिक्षक गोरे. रस्त्यावरची बोली कशी बोलायची, कसं झुलत चालायचं, हे ते रंगभूमीचं शिक्षण घेतलेल्या नटांना शिकवतात. ज्याची बोली म्हणून शिकवायची, त्यालाच ती येत नाही! मी इथे खूप हसलो, आणि मग हसू जरा आखडलं.

कारण ही शाळा मला ओळखीची वाटली. महाराष्ट्रात मुसलमानांच्या काही घरांत दखनी बोलतात, कोकणात कोकणी, आणि कित्येक घरांत मराठीच. पण मराठी नाटक-मालिकेत मुसलमान आला की तो ‘हम आया, तुम जाता’ छापाचं काहीतरी बोलणार, डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, आणि संवादात बिर्याणी हमखास. चांगला असेल तर इतका चांगला की नायकासाठी जीव देईल. वाईट असेल तर विचारूच नका. पण वीजबिल भरायच्या रांगेत उभा राहून वैतागलेला, मराठीत वैतागलेला मुसलमान? तो क्वचितच दिसतो. आणि ही भूमिका करणारा आपल्यातलाच असला, तरी त्याला ती बोली शिकावीच लागते.

टाउनसेंडचा सिनेमा नुसता गोऱ्यांवर खेकसत नाही, म्हणून मला आवडतो. ऑडिशनला आलेले नट बाहेर बसून भूमिकेला नावं ठेवतात आणि नाव पुकारलं की आत जाऊन तीच जीव ओतून करतात. त्यांना दोष कसा द्यायचा? घरभाडं कुणाला चुकलंय? बॉबीही भूमिका घेतोच. त्याची आजी मात्र सांगून चुकलेली असते, की पोस्टात नोकरी कायम मिळते, आणि त्या कामात इज्जत आहे. चित्रीकरणाच्या दिवशी आजी आणि धाकटा भाऊ सेटवर येतात. भाऊ टक लावून पाहतोय. त्या नजरेसमोर गुंडाचे संवाद बॉबीच्या तोंडून पुढे सरकत नाहीत, आणि तो काम सोडतो.

सगळाच सिनेमा या दर्जाचा नाही. गुप्तहेराच्या सिनेमाची नक्कल लांबते, बायकांच्या वाट्याला फारसं काही येत नाही, काही विनोद आता शिळे वाटतात. तुकडे जोडून केलेली गोधडी आहे, टाके दिसतात. तिकीट न काढता थिएटरात घुसणाऱ्या दोघा समीक्षकांचा तुकडा मात्र आजही खणखणीत.

शेवटी बॉबी टपाल खात्याच्या जाहिरातीत पोस्टमन होतो. एक गंमत आणखी. या सिनेमात निर्मात्यांना प्रत्येक कृष्णवर्णीय नट ‘एडी मर्फीसारखा’ हवा असतो, त्यावर टाउनसेंडने यथेच्छ टिंगल केली आहे. त्याच वर्षी एडी मर्फीचा ‘रॉ’ हा रंगमंचावरच्या कार्यक्रमाचा सिनेमा आला. त्याचा दिग्दर्शक होता रॉबर्ट टाउनसेंड.