मेढीवरचे ठसे

गेल्या महिन्यात गावच्या घराचा मागचा कूड पाडला. कुदळीचा पहिला घाव बसला, कारवीच्या काठ्यांवरची माती ढासळली आणि शेणामातीचा, धुराचा जुना वास नाकात शिरला. मी तिथेच खाली बसले. आजीच्या पदराला हाच वास यायचा.

आजी पान खायची. चुन्याचं उरलेलं बोट मेढीला पुसायची सवय घरात सगळ्यांनाच. पण मेढीवर उंच, इतर डागांपासून दूर, आजीचे वेगळे ठसे होते. डोंगरावर कारवी फुलली की त्या वर्षी एक. मी चार वर्षांची असताना तिने मला कडेवर घेतलं, माझं बोट डबीत बुडवलं आणि तिच्या ठशाशेजारी टेकवलं. बोट चुरचुरलं.

"आता सात पावसाळे थांबायचं," ती म्हणाली. "ती मोजते."

"कशी मोजते?"

"ते तिलाच विचार."

मी अजून विचारतेच आहे. कारवी कुठे सात वर्षांनी फुलते, कुठे आठ. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008 साली फुलली, मग 2016, मग 2024. एरवी नुसती खरखरीत पानं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस अख्खा उतार जांभळा होतो, बी धरतं आणि झाडं मरतात. वाळलेली बोंडं ओल लागली की तडतड फुटतात. त्या बियांतून उगवलेली रोपं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. शिकवायला आई उरलेली नसते.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर मी हाच प्रश्न लिहिला होता. लाल शाईत शेरा आला, 'अनावश्यक'. त्या एका शब्दाचा राग तीस वर्षांनीही उतरलेला नाही. उत्तर शेरा देणाऱ्या शिक्षकांकडेही नव्हतं, आणि तसं सांगण्यात काहीच कमीपणा नव्हता.

मिझोरममध्ये मौताक नावाचा बांबू साधारण 48 वर्षांनी फुलतो. 1959 च्या बहराआधी तिथल्या जाणत्यांनी सांगून ठेवलं होतं की बियांवर उंदीर माजतील आणि मग शेतात उतरतील. तो भाग तेव्हा ज्याच्या हाती होता त्या आसाम सरकारने ते मनावर घेतलं नाही. दुष्काळ पडला, माणसं मेली, आणि त्या संतापातून पेटलेलं बंड 1986 च्या करारापर्यंत धुमसत राहिलं. मोजणाऱ्यांचं म्हणणं अनावश्यक ठरवलं की असं होतं.

इतकी वर्षं थांबून सगळ्यांनी एकदम का फुलायचं, याचं एक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी 1976 साली मांडलं. खाणाऱ्यांची पोटं भरूनही बी उरावं म्हणून. मला ते पटतं. पण आजीला मी 'का' विचारलं नव्हतं, 'कशी' विचारलं होतं. अमेरिकेत सिकाडा नावाच्या किड्यांच्या काही जाती 17 वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन राहतात. रिचर्ड कार्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांची पिल्लं पीचच्या अशा झाडांखाली नेली, ज्यांना वर्षातून दोनदा बहर आणवला होता. किडे एक वर्ष आधीच वर आले. म्हणजे ते झाडाचे बहर मोजतात. 2000 साली हे छापून आलं, तेव्हा मी तो निबंध पुन्हा पुन्हा वाचला. पण 'सोळा झाले, एक राहिला' ही नोंद ते कुठे ठेवतात? आणि सिकाडाला डोकं तरी आहे. कारवीला तेही नाही.

मेढ मी पाडू दिली नाही. ओल्या फडक्याने भोवतालची काजळी हलकेच पुसली. आजीचे पाच ठसे. सहावा नाही, त्या बहराआधीच ती गेली. पाचव्याशेजारी माझं इवलंसं बोट.

आणि पहिल्याशेजारी आणखी एक. माझ्याहूनही लहान.

तो बहर बाबांच्या जन्माआधीचा. बाबा एकुलते एक. मी त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं.

"आई कधी बोलली नाही," एवढंच म्हणाले.

मी पुढे काही विचारलं नाही. बाबा मात्र हलेनात. त्या लहान ठशापासून माझ्या ठशापर्यंत एकेका खुणेवर बोट ठेवत ते मोजत राहिले. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.