नळ पायाखाली, व्याख्यान पेठेत

आज संध्याकाळी पुण्यात कात्रजच्या तळ्याच्या बांधावर बराच वेळ उभा होतो. समोर जलपर्णी, मागे वाहनांचा गोंगाट. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी इथलं पाणी दगडचुन्याच्या भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, वीज नाही. सगळा भरवसा जमिनीच्या उतारावर. वाटेत हवा खेळावी, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास बांधले. पेठांतल्या हौदांवर, काळ्या हौदावर, साध्या माणसांच्या घागरी भरू लागल्या. मला तर वाड्यापेक्षा हा नळच पेशवाईचं मोठं काम वाटतं.

हे सारं मला कळलं ते इतिहासाच्या व्याख्यानांतून. त्यांची परंपरा इथे जुनी आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. निबंध वाचायचा, पुरावा समोर ठेवायचा, शंका घ्यायच्या, ही शिस्त तेव्हापासून या शहराला लागली. पण अशा सभा बहुधा पेठांतच भरतात. इथल्या नव्या सोसायट्यांतल्या मुलांना पायाखाली काय आहे याचा पत्ताच नसतो. अभ्यासकांनो, पुढचं व्याख्यान कात्रजला, या बांधावर ठेवा. सतरंज्या अंथरायला आम्ही आहोत.