देण्याची वही

जन्मभर मी लोकांकडून येणे असलेल्या पैशांच्या वह्या लिहिल्या. आपल्याकडूनही कुणाचे काही देणे असते आणि त्याची वही आपण कधी उघडलीच नाही, हे ध्यानात यायला मला चार आजार आणि अडुसष्ट वर्षे लागली.

आमचे वरवे बुद्रुक पुणे-सातारा रस्त्यावर, शिवगंगेच्या खोऱ्यात आहे. कात्रजचा घाट उतरावा, खेड-शिवापूर मागे टाकावे, की नसरापूरच्या अलीकडे आमचे गाव लागते. तिथे माझे किराणा मालाचे दुकान. आता ते मुलगा चालवतो. मी नुसता गल्ल्यापाशी बसतो. माझ्या डोळ्यांदेखत हा रस्ता रुंद होत गेला, गाड्यांचा वेग वाढत गेला, आणि माझा मात्र कमी होत गेला.

पन्नाशीला मला मधुमेह जडला. दुकानात पोत्याने साखर विकणाऱ्याच्या रक्तातच ती उतरावी, याची गावाला मोठी गंमत वाटली. साखरेमागोमाग रक्तदाब आला, मग गुडघे धरले, आणि शेवटी डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. एकच आजार असला तर माणूस त्याच्याशी काहीतरी तडजोड करतो. चार असले म्हणजे त्यांचे आपसातच पटत नाही. साखर म्हणते, रोज चाला. गुडघे म्हणतात, बसून राहा. गुडघ्यांसाठी गोळी घ्यावी, तर ती रक्तदाबाला खपत नाही. दोन जावांच्या भांडणात सापडलेल्या सासूसारखी माझी गत झाली. कुणाचीही बाजू घेतली, तरी घरात शांतता म्हणून नाही.

अशा माणसाकडे समाचाराला येणारे लोक एक वाक्य ठरवून आणतात. "तुमचं त्या मानानं बरं म्हणायचं. आमच्या अमक्याचा तर पायच कापला. देवाचे आभार माना!" मी मान हलवीत असे, पण आतून माझा संताप होई. दुसऱ्याचा पाय गेला म्हणून मी आभार मानायचे, हा कुठला हिशेब? शेजाऱ्याचे दुकान बुडाले म्हणजे माझ्या गल्ल्यात पैसे पडतात असे थोडेच आहे! ती कृतज्ञता मला कधी जमली नाही, आणि आजही जमत नाही.

त्याऐवजी मला जमत होती ती तक्रार. सकाळी उठल्यापासून मी गुडघ्यांना शिव्या देत असे. माझे सारे लक्ष त्यांनी ओढून घेतले होते, कारण ते दुखत होते. पायांचे तळवे मात्र कधी दुखत नसत, म्हणून त्यांची आठवणही नसे. एके दिवशी दुकानातून घरात आलो, तर ही ओरडलीच. माझ्यामागून फरशीवर रक्ताची पावले उमटली होती. चपलेतला खिळा वर येऊन तळव्यात शिरला होता आणि सकाळपासून मी तसाच वावरत होतो. मला काही कळलेच नव्हते!

डॉक्टरांनी जखम धुतली आणि सांगितले, "वाढलेल्या साखरेनं पायांच्या नसा बधिर होतात. तुमचे दुखणारे गुडघे हाका मारून आपलं काम करून घेतील. हे न दुखणारे पाय सांभाळा. ते तुम्हाला हाक मारायचे नाहीत."

त्या दिवसापासून हिने एक नेम धरला. रोज रात्री निजण्यापूर्वी मी खाटेवर पाय लांब करायचे आणि हिने बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे न्याहाळायचे. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहायचे. माझ्या डोळ्यांना आता तेवढे बारीक दिसत नाही आणि गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हे काम तिच्याकडे गेले.

पुढे नातवाने मला एक हकिकत वाचून दाखवली. पॉल ब्रँड नावाचे एक शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरुग्णांवर उपचार करीत होते. या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा सर्वांचा समज होता. ब्रँड यांना दिसले ते निराळेच. रोगाने वेदना जाते. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी हातपाय झिजतात. तेच ज्ञान त्यांनी पुढे अमेरिकेत मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरले. वेदना ही देणगी आहे असे हा माणूस म्हणत असे.

ते ऐकून मला आपल्या बाबा आमट्यांची आठवण झाली. ब्रँड आणि बाबा दोघेही १९१४ सालचे. ज्यांची वेदना गेली होती, अशा माणसांसाठी बाबांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र पाठीच्या कण्याचे असे दुखणे आले, की त्यांना बसताच येईना. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तशा पाठीनिशी १९८५ साली ते भारत जोडायला कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. मी काही बाबा नव्हे. मला गल्ल्यापासून ओट्यापर्यंत जायचे तरी जिवावर येते. पण त्या दिवशी गुडघ्यांना शिवी देताना जीभ थोडी अडखळली, एवढे खरे.

तरीही शहाणपण काही एका दिवसात येत नाही. माझे तर उलट झाले.

चार वर्षे मी इन्सुलिनची सुई टोचून घेत होतो. त्या वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात होती. खाचरांतली कापणी उरकत आली होती आणि मेहुण्याने नव्या इंद्रायणीचे चार किलो तांदूळ धाडले होते. आमचा भोर तालुका भाताचा. नव्या तांदळाचा वास घरभर सुटला म्हणजे आमच्याकडे सण आला असे समजतात. जेवणापूर्वीची सुई टोचून मी पाटावर बसलो. हिने एक लहानशी वाटी भरून भात ताटात उपडा केला. शेजारी दोन भाकऱ्या होत्या, भाजी होती. पण माझी नजर त्या वाटीवरच खिळली.

"मला मोजून वाढतेस?" मी म्हणालो. "सारा जन्म गावाला मोजून दिलं मी. आता माझ्याच घरात मला मोजून?"

ती काही बोलली नाही. मी ताट सरकवले आणि तसाच उठलो. वर आणखी एक वाक्य टाकले. ते इथे लिहायलाही मला लाज वाटते. पण हिशेबात खाडाखोड नको. मी म्हणालो, "दुपारी झोपा काढायच्या आणि रात्री नवऱ्याला उपाशी ठेवायचं!"

उपाशी मी माझ्या रागाने राहिलो होतो, आणि सुई तर टोचून झाली होती. इन्सुलिनला माणसाचा राग कळत नाही. पोटात अन्न नसले तरी ते रक्तातली साखर खाली आणतच राहते. रात्री केव्हातरी घामाने माझी बंडी भिजली. अंगाला कंप सुटला होता. हाक मारावी असे वाटत होते. पण ही कोण, मी कोण, तेच नीट उमगत नव्हते. तेवढ्यात कुणीतरी माझी मान उचलली. "अहो, गिळा. गिळा म्हणते ना!" साखरेचे पाणी ओठांना लागले. थोडे थोडे करून पेलाभर पोटात गेले. हळूहळू तुळया दिसू लागल्या, मग दिवा, मग हिचा चेहरा. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

ती वेळेवर जागी कशी झाली, हा प्रश्न मला सकाळी पडला. अंथरुणाच्या घड्या घालताना हिच्या उशीखालून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी खाली पडले. सोडून पाहिले, तर आमचे जुने गजराचे घड्याळ. गजर तीनला लावलेला होता. त्याची खणखण मला ऐकू जाऊ नये, फक्त तिच्या कानाशी गुणगुणावी, म्हणून ते फडके.

"हे कधीपासून?" मी विचारले.

"सुई सुरू झाली तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले होते ना, पहाटेच्या आधी उतरते म्हणून."

"रोज?"

"मग काय, वार बघून उतरते का ती?"

तिच्या दुपारच्या झोपेचा हिशेब तेव्हा मला लागला. चार आजार माझे, म्हणून सारे दुःख माझेच, असे मी धरून चाललो होतो. माझे गुडघे दुखत होते, आणि मी ओरडत होतो. तिची झोप मोडत होती, आणि ती गप्प होती. जे आवाज करीत नाही त्याच्याकडे मी पाहिलेच नव्हते. बायकोच्या बाबतीतही माझा तळपाय बधिर झाला होता.

त्या संध्याकाळी सुईची बाटली हातात घेतली, तर तीही वेगळी दिसली. ही कुणाकडून आली, म्हणून नातवाला विचारले. तो म्हणाला, कॅनडातल्या टोरांटो गावी १९२१ साली हे औषध शोधले. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. तोवर मधुमेही पोरांना उपासमार करून थोडे दिवस जगवीत. दुसरा उपाय नव्हता. हा मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. आणि शोधकर्त्यांनी १९२३ साली आपला पेटंटाचा हक्क विद्यापीठाला विकला, तो प्रत्येकी एका डॉलरला. मी दुकानदार माणूस. ऐकून प्रथम वाटले, केवढा हा आतबट्ट्याचा व्यवहार! मग लक्षात आले, की त्या व्यवहारातला नफा माझ्या नावावर पडला आहे, आणि ज्यांचे देणे लागतो त्यांनी मला कधी पाहिलेसुद्धा नाही.

लक्ष्मीपूजनाला आम्ही नव्या वह्यांची पूजा करतो. मुलाची वही पुजून झाली. मी माझ्यासाठीही एक आणली होती. पहिल्या पानावर 'श्री' काढले, खाली 'देणे' असे लिहिले आणि नावे घातली. टोरांटोचे डॉक्टर. वेल्लोरचे ब्रँडसाहेब. खिळ्याची जखम धुणारे आमचे डॉक्टर. तांदूळ धाडणारा मेहुणा. अंधुक डोळ्यांचा म्हणून हात धरून मला एसटीत चढवणारा कंडक्टर, ज्याचे नाव मी विचारले नाही. आणि शेवटच्या ओळीत: 'घरधनीण. पहाटे तीनला उठणे. चार वर्षे. एकूण रात्री १४६१.'

समईची वात सारायला ही आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. चौथीपर्यंत शिकली आहे. पण दुकानदाराची बायको, हिशेब पक्का वाचते.

"दर लिहिला नाहीत," ती म्हणाली.

"सुचला नाही."

तिने वही मिटली, तिच्यावर हळदीकुंकू वाहिले आणि भिंतीवरची बॅटरी काढून आणली.

"ते राहू द्या आता. आधी पाय पुढं करा."