माथेरानच्या लाल वाटेवर

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही घरची मंडळी माथेरानला गेलो होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली करीत. पंचवीस वर्षे पाठीवर पोती वाहून त्यांचे गुडघे पार गेले होते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर उतरलो. तेथून पुढे मोटारीला बंदी. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर. पायी जा, घोड्यावर बसा, नाहीतर हातरिक्षा करा.

हातरिक्षा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दोन मोठी चाके, वर आसन आणि पुढे दांडा. दांडा धरून एकजण ओढायचा, मागून दोघे ढकलायचे. आई म्हणाली, “अहो, तुम्ही तरी बसा. आम्ही चालतो मागून.”

अण्णांनी मान हलवली. “जिथं माणूस जुंपलाय त्या गाडीत मी बसणार नाही. मी स्वतः ओझं वाहणारा माणूस. मला त्याचं वजन ठाऊक आहे.”

रिक्षावाला जवळच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “काका, तुमचं खरं आहे. पण सगळेच असं म्हणाले, तर आमची चूल कशी पेटायची?”

अण्णांना उत्तर सुचले नाही. त्यांनी आमच्या पिशव्या रिक्षात ठेवल्या, ठरलेले भाडे पुरे दिले आणि स्वतः लंगडत चालले. चढावर रिक्षा अडली तेव्हा त्यांनीही मागून हात लावला. तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

वाचकहो, माथेरान हे तसे लहानसे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि साहेबलोकांची हवा खाण्याची सोय झाली. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी रेल्वे सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारी नसल्यामुळे झाडी राहिली आणि हवा स्वच्छ राहिली. पण त्या स्वच्छ हवेची किंमत कोण मोजत होते? धूर नको म्हणून इंजिन नाही, आणि इंजिन नाही म्हणून माणूस! गावातली मुले पायपीट करून शाळेत जात, आणि वरचा पाहुणा माणसाच्या बळावर फिरे.

या कोंडीतून वाट काढली ती बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षेने. तिला पेट्रोल लागत नाही, जागेवर धूर होत नाही, आवाजही फारसा नाही. म्हणजे झाडही जगते आणि माणूसही दांड्यातून सुटतो. रिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच ही मागणी लावून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ च्या डिसेंबरात सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव होत्या. २०२४ मध्ये न्यायालयाने वीस ई-रिक्षांची मर्यादा घातली, आणि त्या खरोखरच ओढणाऱ्यांच्या हाती पडल्या का, यावरूनही वाद झाला.

अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, ही प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, असे न्यायालयाने राज्य सरकारला बजावले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळ स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला देतात. त्या धर्तीवर येथेही योजना करावी, आधी खऱ्या ओढणाऱ्यांना आणि उरलेल्या आदिवासी महिलांना व इतरांना रिक्षा द्याव्यात, असा आदेश झाला. १९८० साली पंजाबच्या सायकलरिक्षा चालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने चालकाला कर्ज मिळवून देऊन रिक्षाचा मालक करण्याची वाट दाखवली होती. त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षे होऊनही माणूस माणसाला ओढतोच आहे, याची खंत या निकालात आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये आईला घेऊन मी पुन्हा गेले. अण्णा आता नाहीत. आईने ऐंशी ओलांडली आहे. दस्तुरीला थोडा वेळ रांगेत उभे राहिलो आणि ई-रिक्षा मिळाली. चालक पन्नाशीचे, खांदे रुंद, हाताला जुने घट्टे. गाडी चढाला लागली तरी कुणाला धाप लागली नाही. आईने सवयीने मागे वळून पाहिले. मागे ढकलणारे कोणी नव्हते.

“भाऊ, गाडी तुमच्या नावावर आहे का?” आईने विचारले.

“हो मावशी. आधी मीच हातरिक्षा ओढायचो. रात्री छाती भरून यायची, झोप लागायची नाही. आता घरी गेल्यावर पोरांशी बोलायला जीव उरतो.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “पण माझ्या मागं दोघं ढकलायला असायचे. ह्या गाडीला एकच माणूस लागतो. त्या दोघांचं अजून ठरायचंय.”

आई गप्प झाली. मला अण्णांना पडलेला तो प्रश्न आठवला. चुलीचा प्रश्न.

आज देशभर विजेवरच्या गाड्यांचे वारे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली, तिची तरतूद दहा हजार नऊशे कोटींची. पर्यटनस्थळी अशा गाड्या येणे चांगलेच. पण गाडी कोणत्या तेलावर किंवा विजेवर चालते एवढेच पाहून भागणार नाही. तिची किल्ली कोणाच्या खिशात आहे, तेही पाहिले पाहिजे. गाडी हॉटेलवाल्याची आणि जुना ओढणारा रिकामा, असे झाले तर दांडा सुटला पण भाकरी गेली, असे म्हणावे लागेल. ज्याने पिढ्यान् पिढ्या ओढले त्याच्या हाती किल्ली, आणि ज्याने मागून ढकलले त्याच्याही हाताला काम, तरच हा बदल पुरा झाला.

बाजारपेठेत उतरल्यावर आईने भाडे दिले आणि त्या चालकभाऊंच्या घट्टे पडलेल्या हाताला क्षणभर हात लावला. “आमचे हे असते,” ती म्हणाली, “तर आज तुमच्या गाडीत बसले असते.”