अण्णांची प्रॉपर्टी

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'प्रॉपर्टी'चे खाते गेली वीस वर्षे माझ्याकडे आहे. नाटकात लागणाऱ्या सामानाला प्रॉपर्टी का म्हणतात कोण जाणे. पण या जन्मात माझ्या वाट्याला आलेली प्रॉपर्टी तेवढीच. पुठ्ठ्याची तलवार, तिला चंदेरी कागद, मोडक्या पंख्याच्या जाळीचे सुदर्शनचक्र, आणि फुगे व कागदाचा लगदा यांतून जन्माला आलेली रावणाची नऊ डोकी. दहावे पोराचे स्वतःचे. माझा नियम एकच : पाचव्या रांगेतल्या पालकांना खरे वाटले की झाले. पहिल्या रांगेत संस्थेची मंडळी बसतात, आणि ती नाटक पाहत नाहीत, घड्याळ पाहतात.

गेल्या दिवाळीत भाऊ पुण्याहून सहकुटुंब साताऱ्याला आला होता. त्याच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, फराळ आटोपल्यावर माळ्यावरची अण्णांची ट्रंक खाली काढली. थोड्या वेळाने तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हातात वीतभराहून लांब, चकचकीत मुलाम्याची एक पितळी नळी. चेहरा असा, की गडावर खोदताना मोहरांचा हंडा लागला असावा.

"आत्या, हे काय आहे ठाऊक आहे तुला?"

"अण्णांच्या फ्लॅशची मूठ. आत तीन मोठे सेल बसतात."

"अगं, ही लूकची तलवार आहे!"

हा लूक कोण, हे मला तासभर ऐकावे लागले. 'स्टार वॉर्स' नावाचा अमेरिकन चित्रपट 1977 साली आला. अंतराळातली कथा, आणि तिच्यात प्रकाशाच्या पात्याची तलवार. चित्रीकरण आदल्या वर्षी ट्युनिशियात आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. पैसा बेताचा. तलवारीची मूठ कशी असावी, हे कुणाला सुचेना. तेव्हा सेट सजवणारा रॉजर ख्रिश्चन हा गृहस्थ लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेला, आणि तिथे त्याला 'ग्राफ्लेक्स' कंपनीच्या जुन्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावची ही कंपनी 1973 साली बंद झालेली. त्या मुठी कुणाला नको होत्या. त्याने मुठीच्या खालच्या अंगाला काळ्या पट्ट्या डिंकवल्या, आणि मधल्या पट्ट्यावर कॅल्क्युलेटरमधली एक मण्यांची पट्टी बसवली. त्या काळच्या कॅल्क्युलेटरवर लाल आकडे मुंगीएवढे उमटत. ते मोठे दिसावेत म्हणून वर भिंगाचे मणी असत, ती ही पट्टी. पट्ट्याला अडकवायला खाली एक कडी. झाली तलवार! या कामाबद्दल त्याला इतरांबरोबर ऑस्कर मिळाले.

मला हा मनुष्य फार आवडला. माझ्याच जातीचा. चित्रपटातल्या म्हाताऱ्या गुरूच्या तलवारीत तर पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचा, रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनातल्या नळीचा आणि चक्क न्हाणीघरातल्या नळाच्या चावीचा तुकडा आहे म्हणे. नळाची चावी! आमच्या रावणाला मी उगाच लाजत होते.

पण भाचा माझ्या जातीचा नाही. त्याला पाचवी रांग चालत नाही. त्याच्यासारखे हौशी लोक जगभर आहेत. चित्रपटातले एकेक चित्र थांबवून, ताणून पाहतात, कुठला स्क्रू कुठल्या यंत्रातला ते हुडकतात, आणि नेमका तोच, त्याच सालचा, मिळवून हुबेहूब तसेच शस्त्र बनवतात. नव्याने घडवलेल्या नकली मुठीही विकत मिळतात, पण यांना समाधान नाही. परिणामी जी वस्तू कुणाला नको होती तिची किंमत आज माझ्या पगाराच्या पंगतीला बसली आहे. आणि जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन कपाळाला हात लावून बसले आहेत, की अरे, आमच्या फ्लॅशा संपत चालल्या! खऱ्या वस्तू मोडायच्या आणि त्यांतून एका खोट्या वस्तूची खरी नक्कल करायची, हा न्याय मला काही केल्या उलगडेना.

"आजोबांची मूठ मला द्याल?" भाच्याने विचारले. "पोचा काढून घेतो, पॉलिश करतो, मग पट्ट्या चिकटवतो."

अण्णांनी 1966 साली मुंबईच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराकडून 'स्पीड ग्राफिक' कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर ही मूठ आली. होमाई व्यारावालांकडेही 'स्पीड ग्राफिक' होता, हे सांगताना अण्णांची मान ताठ व्हायची. 1994 मध्ये भावाच्या प्रवेशाच्या पैशांसाठी त्यांनी कॅमेरा विकला. घेणाऱ्याने मूठ तेवढी परत केली, पोचा आहे म्हणून. तो पोचा वाईच्या एका लग्नात बाकावरून पडताना आला होता. आणि खालच्या बाजूला, जिथे पट्ट्या बसणार नेमक्या तिथेच, अण्णांनी आपल्या नावाची दोन अक्षरे दाभणाने कोरली होती.

मी म्हटले, "नाही." भाऊ म्हणाला, "अगं, ट्रंकेत गंजण्यापेक्षा..." पुढचे सगळे बहीणभावांच्या घरात होते तसेच झाले. प्रॉपर्टीवरून भांडणे होतात ती अशी, हे मला प्रथमच कळले.

आणि नाही म्हणायला मला तोंड तरी कुठे होते? मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या या बाईने तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या कशाच्या जोरावर? एकाचे नाक, दुसरीचे बोलणे, तिसऱ्याची चप्पल. दुसऱ्या कादंबरीतल्या दुष्ट सावकाराला मी अण्णांचा खोकला दिला होता, थांबून थांबून येणारा, अगदी हुबेहूब. 2009 साली अण्णा गेले, त्यानंतर वर्षभरातच. आईने पुस्तक वाचले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यावर आमच्यात आजवर शब्द झालेला नाही.

शेवटी आईच स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "आण इकडे," ती म्हणाली. मूठ तिने घेतली ती बरोबर मध्यावर, तांबडे बटण आंगठ्याखाली. मग कळले, की लग्नानंतर काही वर्षे अण्णांच्या बरोबर तीच जायची. एक हात लांब करून बाजूला फ्लॅश धरायची, पदराआड बल्बांची पिशवी. बल्ब एकदाच पेटायचा. आतली धातूची बारीक तार भस्सकन जळून जायची. महाग प्रकरण, म्हणून अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला एकच. जळालेला, फोडांनी भरलेला बल्ब गरम असायचा, तरी लग्नातली पोरे तो मागायला रांग लावायची.

"आणि उजेड एवढा, की मी आधीच डोळे मिटायची," आई हसून म्हणाली. "इतकी लग्नं केली, पण अंतरपाट खाली येताना एकदाही बघितला नाही. फोटोतच बघितला." मग भाच्याकडे वळून, "त्या तुझ्या सिनेमातल्या मुलाला ही मिळते कुठून?"

"त्याच्या वडिलांची असते. एक म्हातारा पेटीत जपून ठेवतो, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याला देतो."

"मग तो मुलगा ती घासतो का? पोचे काढतो?"

भाचा बराच वेळ गप्प होता. "नाही, आजी," तो म्हणाला.

"मग ने," आई म्हणाली.

यंदा गणपतीत तो ती घेऊन आला. कॅल्क्युलेटर त्याला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला होता, बंद पडलेला. मणी, कडी, काळ्या पट्ट्या, सगळे जागच्या जागी. पोचाही जागच्या जागी. पट्ट्या मात्र डिंकाने नव्हे, दोन्हीकडून चिकटणाऱ्या पातळ पट्टीने लावल्या होत्या, अलगद निघतील अशा. एक पट्टी उचलून त्याने मला खालची दोन अक्षरे दाखवली. "हे चित्रपटाबरहुकूम नाही," तो ओशाळून म्हणाला.

आईने ती हातात घेतली. पट्ट्यांकडे, मण्यांकडे तिने पाहिलेही नाही. हात लांब करून तिने ती डावीकडे, खांद्याच्या वर धरली, मान किंचित फिरवली आणि डोळे मिटून घेतले.