फर्मा कुणाचा?

आमच्या घरात शिलाई मशीन आले ते हौसेने नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली आणि आईने पर्स शिवायला घेतल्या. धारावीतल्या एका शेठकडून रेक्झिनचे कापलेले तुकडे यायचे, ते आई शिवून द्यायची. मजुरी डझनावर. अस्तर लावणे, चेन बसवणे, पट्टा पक्का करणे हे सारे मी शाळेतून आल्यावर तिच्याशेजारी बसून शिकले. लग्नानंतर तेच मशीन माझ्याबरोबर सासरी आले आणि तेच कामही आले.

२००३ साली माझी धाकटी बहीण नोकरीला लागली. रोज लोकलने दादरला जायची. गर्दीत पर्स खांद्यावरून घसरायची. पास दाखवायचा तर सगळी पर्स उपसावी लागायची. एकदा पगाराच्या दिवशी कुणीतरी मागच्या मागे चेन उघडली आणि पाकीट गेले. बहीण घरी येऊन रडली. त्या रात्री मी जुन्या वर्तमानपत्रावर रेघा मारायला बसले. पट्टा रुंद आणि गळ्यातून आडवा घालता येईल एवढा लांब. चेन अंगाच्या बाजूला. बाहेर पासापुरता एक कप्पा, त्याला पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे पास बाहेर न काढताच दिसावा. दोन वेळा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. फक्त पासाचा कप्पा डावीकडे जरासा तिरका शिवला गेला. राहू दे म्हटले.

बहिणीच्या डब्यातल्या बायका विचारू लागल्या, "कुठून घेतलीस गं?" मला केवढा आनंद झाला! तशीच दुसरी पर्स शिवली आणि ती घेऊन शेठकडे गेले. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "ठेवून जा बाई, बघतो."

महिन्याभराने दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर माझीच पर्स टांगलेली दिसली. भाव १२० रुपये. ओळखायला वेळ लागला नाही, कारण कप्पा डावीकडे तिरका होता. माझ्या नमुन्यावरून फर्मा काढताना माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती.

मी शेठला जाब विचारला. तो हसला. "डिझाइन काय कुणाच्या मालकीचं असतं होय? शिवायचं असेल तर माल घेऊन जा. नगाला सहा रुपये." घरभाडे थकले होते, मुलगी अंगावर पीत होती. मी माल घेतला. माझ्याच डोक्यातून निघालेली पर्स मी सहा-सहा रुपयांनी तीनशे वेळा शिवली. ही गोष्ट कित्येक वर्षे मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

शिवणाऱ्याला मजुरी मिळते हे मला आईने शिकवले. फर्मा ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात, हे मला शेठने शिकवले.

जून २०२५ मध्ये माझ्या त्याच मुलीने मोबाइलवर एक बातमी दाखवली. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला फॅशन शोमध्ये मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय चपलेवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. पुढे डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला. मुलगी म्हणाली, "आई, हे तर तुझ्या पर्ससारखंच झालं." मला शेठचे हसणे आठवले. फरक एवढाच की चर्मकार बांधवांच्या बाजूने बोलायला पुष्कळ लोक होते. मी एकटी होते.

भगिनींनो, शेठचे म्हणणे खोटे होते. आपल्या देशात २००० सालचा डिझाइन कायदा आहे. वस्तूचा आकार, नक्षी, रूप नवे असेल तर त्याची नोंदणी करता येते. हक्क दहा वर्षे राहतो, पुढे पाच वर्षे वाढवता येतो. मात्र वस्तू बाजारात दाखवण्याआधी अर्ज करावा लागतो. मी नमुना आधी शेठपुढे ठेवला, तिथेच फसले. नोंदणी जमली नाही तरी निदान फर्मा आपल्याकडे ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि नमुना कुणाकडे ठेवून येऊ नका.

आज आमच्या वस्तीत सहा बायकांचा बचत गट आहे. आम्ही पर्स, मोबाइलचे पाऊच, कापडी पट्टे बनवतो. मी सर्वांना आधी हिशेब लिहायला लावते. एका पर्सला सामान ११० रुपये. दोन तासांची मजुरी १२०. धागा, सोल्युशन, वीज, गाडीभाडे मिळून २५. आणि डिझाइनचे २५. एकूण २८०. त्यावर नफा धरून मग भाव.

शेवटच्या ओळीवरून पहिल्याच बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाली, "डिझाइनचे कसले पैसे, ताई? ते तर डोक्यातून येतं." मी म्हटले, "मग डोकं काय फुकट आहे?"

गेल्या महिन्यात गटातल्या सर्वात लहान मुलीने पट्ट्याला नवी गाठ शोधून काढली. गाठ ओढली की पट्टा लहान होतो, बकल लागतच नाही. त्या फर्म्याच्या चाळीस पर्स खपल्या. तिच्या हातावर डिझाइनचे हजार रुपये ठेवले, तशी ती लाजली आणि न बघताच मुठीत धरू लागली.

मी म्हटले, "थांब. मोजून घे."