नाडीची गाठ आणि न भरणारी जखम

त्वचेचा कर्करोग म्हटला की आपल्याला गोऱ्या कातडीचे, समुद्रकिनारी उन्हात पहुडलेले लोक आठवतात. आपल्या सावळ्या त्वचेला हा रोग तुलनेने कमी होतो, हे खरे. परंतु आपल्याकडे तो पुष्कळदा उन्हाच्या वाटेने येतच नाही. विंझरच्या आमच्या काकींच्या आजारात हे मला जवळून कळले.

काकींनी सत्तरी ओलांडली आहे. पहाटे सामायिक, मग दिवसभर किराणा दुकान आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार, हा त्यांचा नेम. परकराची नाडी तरुणपणापासून कमरेला घट्ट आवळलेली. त्या जागी प्रथम काळसर पट्टा उमटला, मग खाज सुटली, मग चीर पडली. हळद लावली की जखम सुके आणि महिन्याभरात पुन्हा उघडे. जागा संकोचाची, म्हणून वर्षभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. परकरावरचा रक्ताचा डाग सुनेच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्यांना पुण्यास नेले.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचे ठरवताच नातलगांत चर्चा सुरू झाली, ‘कात्री लागली की रोग पसरतो.’ ही समजूत निराधार आहे. तुकडा तपासल्याविना निदान पक्के होत नाही आणि निदानाविना उपचाराची दिशा ठरत नाही. काकींचा रोग त्वचेच्या वरच्या थरातील स्क्वॅमस पेशींचा निघाला. भोवतालच्या निरोगी त्वचेच्या कडेसह तो भाग काढून तेथे मांडीची त्वचा बसवली. जांघेतील गाठींत रोग पोहोचला नव्हता, म्हणून एवढ्यावर भागले. अन्यथा त्या गाठी काढणे आणि किरणोपचार हेही करावे लागले असते.

हा प्रकार वैद्यकास नवा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत मांडली. एकीची जखम दीड वर्षाची होती. दुसरीची दोन वर्षांची, आणि तिच्या जांघेतील एका गाठीत रोग पोहोचलेला होता. सततचा दाब, घर्षण आणि घाम यांनी त्वचा पुनःपुन्हा फाटते व सांधते; वर्षानुवर्षांच्या या सांधण्यातच क्वचित एखादी पेशी बिघडते.

उपाय साधा आहे. नाडी सैल व रुंद असावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी, रात्री कंबर मोकळी ठेवावी. पूजेचे धोतर नेसणाऱ्या पुरुषांनीही हे पाळावे. भाजल्याच्या जुन्या व्रणावर उघडलेली जखम, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग यांकडेही दुर्लक्ष करू नये. महिन्याभरात न भरणारी कोणतीही जखम त्वचारोगतज्ज्ञास दाखवावी. वेळीच सापडलेला असा रोग बहुधा शस्त्रक्रियेनेच पूर्ण बरा होतो.

पाऊल टाकताना मुंगी चिरडू नये म्हणून आपण जयणा पाळतो, पाणी गाळून पितो. तीच जागरूक दृष्टी स्वतःच्या देहाकडेही वळवावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आपणहून सांगणार नाहीत. लेकीसुनांनी आजच त्यांना आपुलकीने विचारावे.